घरी सांगितलं ते इथेही

ज्यांच्याबद्दल मी लिहितो आहे त्यांची नोकरी माझ्यामुळे गेली. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण त्यांचा आग्रहच तसा असे. वाईट बातमी मागच्या पानावर बारीक अक्षरांत दडवायची नाही. ती आधी द्यायची, आणि चांगल्या बातमीइतक्याच ठसठशीत अक्षरांत. आता ती दिली. पुढचं मोकळेपणाने सांगता येईल. त्यातलं बरंचसं हसण्यासारखं आहे, कारण ते गृहस्थच तसे होते. 'होते' म्हणजे आहेत. तेलीबागेत राहतात, ठणठणीत आहेत, आणि हे लिहून झालं की मी त्यांना वाचायला देणार आहे. ते त्यात चुका काढतील.

बायकोची बँकेतली बदली लखनऊला झाली तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो. अकोल्यातली नोकरी सोडून तिच्यामागे आलो, विकास नगरात भाड्याने घर घेतलं आणि चार महिने रिकामा बसलो. मग गोमती नगरातल्या एका लहानशा कचेरीत मुलाखतीला गेलो. तिसरा मजला, खाली मोबाइलच्या काचा बदलून देणाऱ्याचं दुकान. टेबलामागे हे बसले होते. पांढरा बुशशर्ट, कानावर अंगठ्याएवढी उरलेली पेन्सिल. माझा अर्ज त्यांनी दोनदा वाचला आणि एकदम मराठीत विचारलं, "काही लपवायची सवय आहे का?"

"नाही सर."

"मग हे तीन महिने कुठे होतात? अर्जात दिसत नाहीत."

एका नोकरीतून मला तीन महिन्यांत निघावं लागलं होतं, ते मी अर्जातून गाळलं होतं. तसं सांगितलं. वाटलं, आता उठायला सांगतील. तर त्यांनी पेन्सिलीने अर्जात ते तीन महिने स्वतःच्या हाताने लिहिले आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "सही करा. आता अर्ज पुरा झाला. सोमवारपासून या."

सोमवारपासून मी त्यांना 'तू' झालो.

आमचं काम सांगायला सोपं, करायला किचकट. काही परदेशी कंपन्यांचे शेअर अमेरिकेच्या बाजारात विकले-घेतले जातात. अशा कंपनीने तिथल्या लोकांना काय सांगायचं, कधी सांगायचं, याचे अमेरिकेचे नियम आहेत. ते कागद तयार करणं, तपासणं, वेळेवर पाठवणं हा आमचा धंदा. म्हणजे कंपनी जपानची, ऐकणारा अमेरिकेतला आणि मध्ये बोलणारे आम्ही लखनऊचे. जपानची दुपार आमच्याकडे सकाळीच हजर होते आणि तेव्हा अमेरिका झोपलेली असते. सर म्हणायचे, "आपण उंबऱ्यावर बसलोय. तिकडचं ऐकायचं आणि इकडचे उठायच्या आत सांगायला तयार राहायचं."

'इकडचे' म्हणजे कोण, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. अमेरिकेतल्या ओहायोत एक निवृत्त शाळामास्तर राहतात, त्यांनी आयुष्यभराची शिल्लक आमच्या जपानी कंपनीच्या शेअरमध्ये घातली आहे, आणि आपण लिहिलेला प्रत्येक कागद ते चष्मा लावून वाचतात. हे मास्तर अस्तित्वात नव्हते. पण सरांपुरते ते शुक्लाजींपेक्षा जास्त खरे होते. शुक्लाजी म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचे सहकारी, इंदिरानगरचे, जन्मापासून लखनऊचे. मी एखादं लांबलचक वाक्य लिहिलं की सर त्याच्या शेजारी पेन्सिलीने लिहीत, 'मास्तरांना कळेल?' एकदा मी चिडून म्हटलं, "सर, मास्तरांना नाही कळलं तर ते कुणाला तरी विचारतील."

"कुणाला? त्यांची बायको वारली आहे."

शुक्लाजी गंभीरपणे म्हणाले, "अरे! कब? सर, आपने बताया नहीं। हम लोग फूल भिजवा देते।"

सर हसले नाहीत. "मजाक मत कीजिए, शुक्लाजी. अकेला आदमी है."

त्यानंतर कचेरीत कुणालाही उचकी लागली की शुक्लाजी म्हणत, "मास्साब याद कर रहे हैं।"

आमच्या वार्षिक अहवालांत जोखमींचं एक मोठं प्रकरण असतं. कंपनीला पुढे काय काय वाईट होऊ शकतं, ते सगळं कंपनीनेच आधी लिहून द्यायचं. हे प्रकरण तपासता तपासता सरांच्या बोलण्यातच उतरलं होतं. स्कूटरवर मागे बसायला निघालेल्या माणसाला ते थांबवत आणि चाव्या हातात धरून सांगत, "उजवीकडचा इंडिकेटर लागत नाही. मी वळताना हात दाखवतो, पण तो मागच्याला दिसेलच असं नाही. पुलावर मी हळू होतो, त्यामुळे लोक हॉर्न वाजवतात, कधी शिव्या देतात. पेट्रोल छावणीपर्यंत पुरेल, पुढचं सांगता येत नाही. हे सगळं ऐकून बसायचं असेल तर बस." मी बसायचो. वाटेत यातलं सगळं घडायचं. पण एकाही गोष्टीचं आश्चर्य वाटायचं नाही, आणि मला वाटतं, त्यांना तेवढंच हवं असायचं.

त्यांच्या घरमालकाची गोष्ट तर मी विकास नगरात कितीजणांना सांगितली असेल. नियम असा आहे की परदेशी कंपनीला काही बाबतींत आपल्या देशाच्या रीतीने वागायची मुभा असते. अमेरिकन कंपन्यांसारखंच सगळं केलं पाहिजे असं नाही. फक्त आपली रीत इथल्या रीतीपेक्षा कुठे वेगळी आहे, ते अहवालात उघड लिहायचं. हा सरांचा सर्वांत लाडका नियम. तेलीबागेत घर भाड्याने घेताना त्यांनी घरमालकांना, म्हणजे फौजेतून निवृत्त झालेल्या सुभेदार साहेबांना, भाडेकराराबरोबर हिंदीत एक पान लिहून दिलं होतं. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, त्याची प्रत अजून जपून ठेवली आहे. त्यात असं होतं:

'हम दाल में गुड़ डालते हैं। सुबह छह बजे नारियल घिसने की आवाज़ आएगी। मेहमान को हम एक ही बार पूछते हैं, वो ना कहे तो ना मान लेते हैं. इसे बेरुख़ी न समझा जाए। आपस में हम धीमे नहीं बोलते, झगड़ा न समझा जाए।'

सुभेदार साहेबांनी ते पान उभ्याने वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि निघून गेले. काकूंना वाटलं, गेलं घर हातचं. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब परत आले ते स्वतःचं पान घेऊन. 'हम तीन बार पूछते हैं, तीसरी बार में हाँ कहिए। बिना बताए ऊपर आ जाते हैं। हमारी बेगम का अचार आपको लेना पड़ेगा, पसंद हो या न हो।' दोघांनी एकमेकांच्या कागदांवर सह्या केल्या. त्या घरात सर अजून राहतात. भाडेकरार किती वेळा संपला आणि नवा झाला, पण ती दोन पानं तीच आहेत.

मात्र सरांच्या सगळ्या नियमांचा राजा वेगळा होता. परदेशी कंपनीने आपल्या देशात एखादी महत्त्वाची गोष्ट जाहीर केली, तर ती अमेरिकेतही ताबडतोब कळवायची. त्यासाठी सहा-के नावाचा एक फॉर्म आहे. सर त्याचं मराठी असं करत: घरी सांगितलं ते इथेही सांगा. "बघ," ते म्हणत, "ते असं नाही म्हणत की तुमच्या मनातलं सगळं आम्हाला सांगा. तेवढा अधिकार कुणालाच नाही. पण घरच्यांना सांगून झालंय आणि आम्हाला सांगत नाही, हे चालणार नाही. इतका सभ्य नियम मी दुसरा पाहिला नाही."

यासाठी रोज दुपारी बारा वाजता आणि मग चार वाजता आमच्यापैकी एकाने कंपनीची तिच्या देशातली साइट उघडून, आज तिथे काही जाहीर झालं का ते बघायचं. जपानच्या कंपनीचं काम माझ्याकडे. कॉम्प्युटरवर सगळं असूनही सरांनी त्यासाठी एक लांब वही केली होती. काही आलं नसेल तर त्या तारखेपुढे 'निरंक' असं हाताने लिहायचं. हा शब्द त्यांनी सांगलीकडून आणला होता. तिथल्या एका सहकारी संस्थेत कारकून असताना रोज सायंकाळी ते हा शब्द लिहीत. नुसती रेघ ओढलेली त्यांना खपायची नाही. "रेघेला अर्थ नसतो. निरंक म्हणजे मी पाहिलं, आणि नव्हतं."

आता माझं.

पाच वर्षं मी इमानदारीने पाहिलं आणि लिहिलं. जपानची ती कंपनी पंप बनवायची आणि महिना महिना काही बोलायची नाही. हळूहळू मी सोमवारी सकाळीच पाचही दिवसांचे निरंक लिहून ठेवायला लागलो. वाटायचं, यात गैर काय? बघतो तर रोजच. काही आलं तर खोडता येईल. असं मी वर्षभर केलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. सर रोज संध्याकाळी वहीवर सही करत. ती सही ते माझ्या भरवशावर करत.

आणि त्याच सुमारास त्यांचं स्वतःचं आसन डळमळीत होतं. साठीनंतर त्यांना दर जूनअखेर एकेका वर्षाची मुदतवाढ मिळे. बंगळूरच्या मुख्य कचेरीतल्या साहेबांना ती आताशा जड जात होती. हे काम सॉफ्टवेअर करील असं ते उघड म्हणू लागले होते. सर म्हणायचे, "करील की. पण माझ्या हातून एकदा तरी चूक होऊ दे, मग काढा म्हणावं." इथल्या त्यांच्या नऊ वर्षांत एक झाली नव्हती. घरी बसायची त्यांना धास्ती होती. एकदा मला म्हणाले होते, "अरे, मी घरी बसलो तर काकूंच्या डब्यांवर लेबलं लावीन. ती मला हाकलून देईल."

लखनऊत जेठ, म्हणजे ज्येष्ठ महिन्यातले मंगळवार म्हणजे बडा मंगल. हनुमानाच्या नावाने रस्तोरस्ती भंडारे लागतात. येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून पुरी-सब्जी, बुंदी, शरबत देतात. त्या वर्षीच्या दुसऱ्या बडा मंगलला शुक्लाजी अकरा वाजताच माझ्या टेबलाशी आले. "चलिए भाई साहब, हज़रतगंज तक छह भंडारे हैं, गिन के आया हूँ।" आम्ही सहाही केले. कद्दूची सब्जी दोनदा घेतली. परत आलो तेव्हा तीन वाजले होते, पंख्याखाली डोळा लागला, आणि चारनंतर मी थेट घरी गेलो. साइट उघडली नाही. वहीत त्या तारखेपुढे आदल्या दिवशीचा माझा सुबक निरंक होताच.

त्याच मंगळवारी कंपनीने जपानमध्ये जाहीर केलं होतं की तिचे प्रमुख महिनाअखेर पायउतार होणार.

दर शुक्रवारी सर स्वतः चहा घेऊन बसत आणि आठवड्याभराचं सगळं पुन्हा बघत. त्या शुक्रवारी ते कप हातात घेऊनच माझ्याकडे आले. आवाज चढवला नाही. "मंगळवारी काय झालं होतं?"

"सर, साइट उघडत नव्हती."

हे मी कसं म्हणालो, मला अजून कळत नाही. ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं तेव्हा ते मला स्वतःलाही खरं वाटलं.

"मग निरंक कसं लिहिलंस?"

"काही दिसलं नाही, म्हणून..."

"न दिसणं वेगळं आणि नसणं वेगळं." ते रागावले होते, पण माझ्यावर विश्वास ठेवूनच रागावले होते. संध्याकाळपर्यंत आम्ही ती बातमी अमेरिकेत कळवली, तीन दिवस उशिरा. कंपनीला सरांनी स्वतःच्या सहीने पत्र लिहिलं: चूक आमची, त्या दिवशी आमच्याकडे तुमची साइट उघडली नाही.

घरी गेल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती पोळ्या करत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "मग त्यांना सांगा ना."

"सोमवारी सांगतो."

"आज फोन करा."

"सोमवारी. समोरासमोर."

सोमवारी मी पोहोचायच्या आत कंपनीचं उत्तर आलं होतं. अतिशय नम्र. आम्ही तपासून पाहिलं, मंगळवारी आमची साइट दिवसभर चालू होती, कृपया आपणही पुन्हा पाहावं. त्याची एक प्रत बंगळूरला गेली होती. अकरा वाजता बंगळूरचा फोन आला. सरांना कानाला फोन लावलेला आवडत नसे, ते नेहमी स्पीकरवर बोलत. सगळ्या खोलीला ऐकू आलं. तिकडचे साहेब विचारत होते, साइट चालू होती म्हणतात, मग हे काय? सर म्हणाले, "मेरा आदमी कह रहा है नहीं खुली, तो नहीं खुली. मैं उसको चार दिन से नहीं, छह साल से जानता हूँ."

मी माझ्या खुर्चीत बसून होतो. तोंड उघडलं नाही. चुका पुष्कळ केल्या आयुष्यात, पण त्या अर्ध्या मिनिटाइतकी लाज मला कशाचीच वाटत नाही. शुक्लाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. त्यांना ठाऊक होतं त्या मंगळवारी मी कुठे होतो. ते बोलले नाहीत; ते मी बोलायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तिसरा बडा मंगल. त्या दिवशी कचेरीच्या गल्लीतल्या दुकानदारांचा भंडारा असे आणि त्यात सब्जी वाढायचं काम दर वर्षी सरांकडे. डोक्याला गमछा बांधून ते मोठ्या पातेल्यामागे उभे राहत आणि प्रत्येकाला पळी ओतायच्या आधी सांगत, "मिर्च ज़्यादा है, बता रहा हूँ." लोक हसून द्रोण पुढे करत. रात्रभर मला झोप नव्हती. वर कचेरीत सांगायचं धैर्य होत नव्हतं, म्हणून मी रांगेत उभा राहिलो. पुढे वीस माणसं होती. वीसच्या वीस सरकली आणि मी त्यांच्यासमोर आलो.

"मिर्च ज़्यादा..." त्यांनी वर पाहिलं. "अरे, तू रांगेत कशाला? वर पाठवलं असतं."

"सर, साइट उघडी होती. मी बघितलीच नाही. निरंक सोमवारीच लिहून ठेवला होता. वर्षभर तसाच लिहितोय."

पळी पातेल्यावर थांबली. सब्जीचा एक थेंब त्यांच्या मनगटावर पडला, तो त्यांनी पुसला नाही. माझ्या मागचा माणूस म्हणाला, "भैया, बढ़ेंगे?"

सरांनी विचारलं, "घरी सांगितलंस?"

"हो."

"कधी?"

"शुक्रवारी."

"आणि मला आज." त्यांनी मनातल्या मनात मोजलं. "चार दिवस." मग माझ्या द्रोणात पळीभर सब्जी वाढली, बटाटे निवडून, नेहमी सगळ्यांना वाढत तेवढीच. "पुढे सरक. लोक खोळंबलेत. मी दोन वाजता वर येतो."

दोन वाजता ते वर आले, गमछा सोडला, हात धुतले आणि कंपनीला दुसरं पत्र लिहायला बसले. 'आमचं पहिलं पत्र चुकीचं होतं. साइट चालू होती. आमच्याकडून ती पाहिली गेली नाही आणि मी न तपासता सही केली.' मी म्हटलं, "सर, माझं नाव घाला."

"कशाला?"

"चूक माझी आहे."

"बघायचं काम तुझं, ते तू केलं नाहीस. तुझ्यावर लक्ष ठेवायचं काम माझं, तेही झालं नाही. पत्रावर सही लक्ष ठेवणाऱ्याची असते." मग म्हणाले, "तुला लिहायचंच असेल तर बंगळूरला लिही. स्वतःच्या नावाने. पण रडगाणं नको. मास्तरांना कळेल असं."

मी लिहिलं. अकरा ओळी. त्यांनी त्यातला 'अनवधानाने' हा शब्द पेन्सिलीने खोडला. "वर्षभर कुणी अनवधानाने करत नाही."

कंपनीचं उत्तर आठवड्याने आलं. स्पष्ट कळवल्याबद्दल आभार. काम तुमच्याकडेच राहील. शुक्लाजींनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि समोसे मागवले. बंगळूरचं उत्तर महिनाअखेर आलं. मला एक ताकीद. सरांच्या मुदतवाढीबद्दल एवढंच, की यंदा कचेरीची फेररचना होत असल्याने ती देता येत नाही. माझ्या पत्राचा उल्लेख त्यात नव्हता. पण मला वाचता येतं.

शेवटच्या दिवशी ते हसतमुख होते. मला त्यांनी ती लांब वही दिली आणि सांगितलं, "सोमवारी एकच ओळ लिहायची. सोमवारची." शुक्लाजींना म्हणाले, "मास्साब का ख़याल रखिएगा." शुक्लाजींसारखा माणूस खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

याला चार वर्षं झाली. मी महिन्यातून एखाददुसऱ्या रविवारी तेलीबागेत जातो. विकास नगरपासून हे शहराचं अगदी दुसरं टोक, पण जातो. काकू मला आग्रहाने खाऊ घालतात; घरमालकांच्या सहवासात त्यांनीही तीनदा विचारायची रीत उचलली आहे. सरांनी खरोखरच स्वयंपाकघरातल्या डब्यांवर लेबलं लावली आहेत, आणि काकूंनी त्यांना हाकलून दिलेलं नाही. लेबलं त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नाहीत, एवढीच तक्रार.

मात्र मी गेलो की कुठून तरी तोच विषय काढतो. माझा स्वभावच तसा. काकू आत गेल्या की हळूच म्हणतो, "सर, मी त्या शुक्रवारीच बोललो असतो तर..." ते हात हलवून गप्प करतात. गेल्या हिवाळ्यात मात्र वैतागले. "हे बघ, परदेशी कंपनीला तिमाही अहवालाची सक्ती नसते. वर्षातून एकदा द्यायचा, तोही वर्ष संपल्यावर चार महिन्यांच्या आत. तू दर रविवारी काय घेऊन येतोस? तुझा पश्चात्ताप वार्षिक कर. एप्रिलमध्ये आण, मी वाचून ठेवीन."

"पण तुमची नोकरी माझ्यामुळे गेली, सर."

हे मी जरा मोठ्याने बोललो असावा. आत कढईतल्या कोथिंबीरवड्यांचा आवाज चालू होता, तरी काकू झारा हातात घेऊन दारात आल्या. "कुणाची नोकरी गेली?"

मला वाटलं होतं, काकूंना सगळं माहीत आहे. चार वर्षं मी हेच समजून होतो. म्हणून मी सांगत गेलो: निरंक, भंडारे, पत्र, बंगळूर. सर मला डोळ्यांनी खुणावत होते ते माझ्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग सरांकडे वळल्या. "म्हणजे तुम्हाला काढलं?"

"मुदत वाढवली नाही."

"म्हणजे काढलं. आणि मला काय सांगितलंत? गुडघे दुखतात, रोज गोमती नगर झेपत नाही, मीच नको म्हटलं. मी चार वर्षं तुमचे गुडघे चोळतेय!"

"गुडघे दुखतात ते खरं आहे."

"आणि मला म्हणे घरी सांगितलं ते बाहेर सांगावं! जन्मभर ऐकलं मी ते."

सरांनी खाकरून घेतलं. "नियम घरचं बाहेर सांगायचा आहे. बाहेरचं घरी सांगायचं, असं त्यात कुठेही..."

"नियम गेला चुलीत. का सांगितलं नाहीत?"

सर माझ्या ताटलीकडे बघत, खालच्या आवाजात म्हणाले, "तू याला वाढलं नसतंस."

"नसतंच वाढलं!"

मी उठायला लागलो. काकूंनी झाऱ्याने खुणावून मला खाली बसवलं आणि आत गेल्या. आम्ही दोघे ऐकत राहिलो. गॅस बंद झाल्याचा आवाज आला, मग भांड्यांचा. त्या बाहेर आल्या आणि चार वड्या माझ्या ताटलीत टाकल्या. "चार वर्षं खातोयस. आता बंद करून काय होणार? खा." मग सरांची रिकामी ताटली उचलली. "तुम्हाला आज नाही." आणि ती ताटली घेऊन आत निघून गेल्या.

वड्या गरम होत्या. आतून काकूंची चाहूल येत नव्हती. मी एक वडी मोडली आणि अर्धी हळूच सरांच्या पुढ्यात सरकवली.

त्यांनी ती परत माझ्याकडे सरकवली. "असं नको. ती बाहेर येऊ दे. तिच्यासमोर दे."

मग आम्ही दोघे दाराकडे बघत बसून राहिलो, आणि वड्या निवत गेल्या.